शाळेच्या दाराशी उभा मुलगा आणि फळ्यावरचे गणित : दोन चित्रे कशी वाचावीत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निकोलाय बोगदानोव-बेल्स्की या रशियन चित्रकाराची ‘तोंडी हिशेब’ (१८९५) आणि ‘शाळेच्या दाराशी’ (१८९७) ही दोन चित्रे आम्ही गोव्यातील मराठी शाळांच्या शिक्षकांना, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना आणि उत्सुक पालकांना आस्वाद-वर्गांत आवर्जून दाखवतो. वर्ग संपल्यावर, आणि पुढे कित्येक दिवस, जे प्रश्न येत राहतात ते बहुतेक ठरलेले असतात. ते विचारणाऱ्यांच्याच भाषेत येथे दिले आहेत. आरंभी साधे, पुढे अडचणीचे असा क्रम ठेवला असून एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वास्तववादी कथनात्मक चित्र म्हणजे नेमके काय? व्यक्तिचित्रापेक्षा ते वेगळे कसे?

व्यक्तिचित्रात माणूस चित्रकारासाठी बसलेला असतो. कथनात्मक चित्रात माणसे आपापल्या उद्योगात असतात आणि त्या उद्योगाला मागचा-पुढचा काळ असतो. जत्रेतले नाटक ऐन प्रवेशात क्षणभर थांबवावे, तसा एकच क्षण चित्रकार उचलतो आणि आधी काय झाले, पुढे काय होईल हे त्या क्षणातल्या खुणांवरून पाहणाऱ्याने ओळखावे अशी सोय करून ठेवतो. ‘वास्तववादी’ या विशेषणाने दोन गोष्टी सुचवल्या जातात. पहिली, वस्तू डोळ्यांना दिसतात तशा रंगवलेल्या असतात. दुसरी, विषय पुराणातला किंवा दरबारातला नसून चालू काळातल्या सामान्य माणसांचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रशियात ही दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची मानली गेली. १८७० मध्ये तेथील काही चित्रकारांनी फिरती प्रदर्शने भरवणारी संस्था स्थापन केली आणि शेतकरी, मजूर, खेड्यातली शाळा असे विषय शहरोशहरी नेले. बोगदानोव-बेल्स्की या मंडळींपैकीच, पण पुढच्या पिढीतले.

२. ही चित्रे कोणी, कशी काढली आणि मूळ चित्रे कुठे आहेत?

बोगदानोव-बेल्स्की यांचा जन्म १८६८ मध्ये स्मोलेन्स्क प्रांतात एका गरीब शेतमजूर स्त्रीच्या पोटी झाला. तातेवो या गावी सेर्गेय रचिन्स्की यांनी चालवलेल्या शाळेत ते शिकले. रचिन्स्की हे मॉस्को विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाचा रशियन अनुवाद त्यांनी १८६४ मध्ये केला, आणि पुढे विद्यापीठ सोडून ते आपल्या गावी खेड्यातल्या मुलांना शिकवू लागले. या मुलाचा हात चांगला आहे हे त्यांनीच हेरले आणि त्याच्या पुढील शिक्षणाची तजवीज केली. मॉस्कोतील कलाशाळेनंतर त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत इल्या रेपिन यांच्या हाताखाली काम केले. दोन्ही चित्रे कॅनव्हासवरील तैलचित्रे आहेत. ‘तोंडी हिशेब’ मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत आहे, तर ‘शाळेच्या दाराशी’ सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात. चित्रकाराचे निधन १९४५ मध्ये बर्लिन येथे झाले.

३. चित्र पाहताच मला थेट ‘अर्थ’ सुचतो. आधी काय पाहायचे असते?

आधी आपण स्वतः कुठे उभे आहोत ते पाहावे. या एका सवयीने निम्मे काम होते, असे आमचे मत आहे. प्रत्येक वास्तववादी चित्रात पाहणाऱ्यासाठी एक जागा आखलेली असते आणि ती जागा चित्रकाराने फार विचारपूर्वक निवडलेली असते. ‘तोंडी हिशेब’ पाहताना आपण वर्गाच्या आत, मुलांच्या अगदी समोर असतो. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आपल्याला दिसतात आणि तेच गणित सोडवण्याची जबाबदारी नकळत आपल्यावरही येते. ‘शाळेच्या दाराशी’ पाहताना मात्र आपण वर्गाबाहेर, त्या मुलाच्याही मागे असतो. वर्ग आपल्याला दिसतो तो त्याच्या खांद्याच्या बाजूने, चौकटीतून, जेवढा त्याला दिसत असेल त्याहूनही थोडा कमी. एकाच शाळा-विषयावर दोन वर्षांच्या अंतराने एकाच चित्रकाराने आपल्याला एकदा आत आणि एकदा बाहेर उभे केले आहे. चेहरे, कपडे, उजेड, भिंतीवरच्या वस्तू यांची बारकाईने नोंद ही त्यानंतरची पायरी. आणि ‘अर्थ’ सर्वांत शेवटी.

४. फळ्यावरचे गणित खरोखरीचे आहे की नुसते दाखवण्यापुरते? त्याचे उत्तर किती?

खरोखरीचे आहे, आणि ते सोडवल्याशिवाय हे चित्र पाहिले असे म्हणता येणार नाही. फळ्यावर १०, ११, १२, १३ आणि १४ या पाच संख्यांच्या वर्गांची बेरीज मांडली असून तिला ३६५ ने भागायचे आहे. सरळ वाटेने गेलो तर १००, १२१, १४४, १६९ आणि १९६ यांची बेरीज ७३० होते आणि उत्तर २ येते. परंतु वाटेत एक गंमत दडलेली आहे. पहिल्या तीन वर्गांची बेरीज ३६५ भरते आणि उरलेल्या दोन वर्गांची बेरीजही ३६५ च भरते. ज्या मुलाला बेरीज करता करता हे दिसले, त्याला भागाकार करावाच लागत नाही. मधल्या १२ ला धरूनही गणित सुटते : बाराच्या वर्गाची पाच पट ७२०, दोन्ही बाजूंच्या फरकांच्या वर्गांमुळे (४, १, १, ४) वाढणारे १०, म्हणजे पुन्हा ७३०.

आता चित्राकडे परत यावे. एक मुलगा शिक्षकाच्या कानाशी लागून उत्तर सांगतो आहे. दुसरा फळ्याकडे पाठ करून, हनुवटीशी हात नेऊन, आपल्या दिशेने तोंड करून उभा आहे. त्याला आकडे पाठ झालेले आहेत, त्यामुळे फळा पाहण्याची गरज उरलेली नाही. बाकीचे वेगवेगळ्या टप्प्यांवर अडकलेले आहेत. गणित माहीत नसेल तर हा केवळ विचारमग्न मुलांचा घोळका दिसतो. माहीत असेल तर कोण सरळ वाटेने चालला आहे आणि कोणाला आडवाट सापडली असावी, याचा तर्क करता येतो. कथन येथे चेहऱ्यांत आहे आणि त्या चेहऱ्यांची किल्ली फळ्यावर आहे.

आमच्याकडील वयस्कर वाचकांना या तोंडी हिशेबाचे नवल वाटत नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकलेल्या पिढीने हेच केले होते, फरक इतकाच की पाढ्यात पाठांतराचा वाटा मोठा असतो, तर रचिन्स्की यांच्या गणितात संख्यांमधले नाते हेरण्याचा. मुलांसाठी त्यांनी तोंडी हिशेबाच्या १००१ गणितांचा संग्रहच तयार केला होता. बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाताशी कागद-पेन्सिल नसते, हे व्यावहारिक कारण त्यामागे सहज दिसते.

५. शिक्षक ऐटबाज पोशाखात आणि मुले झाडाच्या सालीच्या पायताणांत, हे पटत नाही. चित्रकाराने अतिशयोक्ती केली आहे का?

नाही. शिक्षक हे प्रत्यक्ष रचिन्स्कीच आहेत. ते जमीनदार घराण्यातले आणि माजी प्राध्यापक होते, त्यामुळे गडद कोट आणि गळ्याला बो ही त्यांची नेहमीची वेशभूषा समजायला हरकत नाही. सालीची विणलेली पायताणे ही तेव्हाच्या रशियन शेतकऱ्याच्या पायांतील रोजची वस्तू. चित्रकाराने केलेली खरी योजना वेगळी आहे : शिक्षक उभा नाही, उंचावर नाही, छडी नाही. तो मुलांच्या घोळक्यातच बसला आहे आणि एक मूल त्याच्या कानापर्यंत बिनदिक्कत पोहोचले आहे. कपड्यांतले अंतर जसेच्या तसे ठेवून बसण्यातले अंतर मिटवले आहे. गरीब मुलांचे पोशाख सुधारून दाखवले असते तर हा विरोध हरवला असता.

६. ‘तोंडी हिशेब’मध्ये एकही मुलगी नाही. यावरून काही अर्थ काढावा का?

काढावा, पण जपून. चित्रात नसलेल्या गोष्टीला चित्रकाराचे विधान मानण्यापूर्वी ती त्या काळी असणे कितपत शक्य होते हे तपासावे लागते (या नियमाच्या मर्यादा प्रश्न १३ मध्ये पाहाव्यात). १८९७ च्या रशियन साम्राज्याच्या जनगणनेत एकूण साक्षरता सुमारे २१ टक्के होती. पुरुषांत ती सुमारे २९ टक्के, तर स्त्रियांत केवळ १३ टक्के. तेव्हा मुलींची अनुपस्थिती ही काळाची नोंद आहे. चित्रकार तिच्यावर टीका करतो आहे असे म्हणण्यास चित्रात आधार नाही. आजच्या वाचकाला ती खटकणे मात्र अगदी स्वाभाविक आहे, आणि ते खटकणे त्याने आपल्या नावावर लिहावे, चित्रकाराच्या नव्हे.

७. ‘शाळेच्या दाराशी’मधला मुलगा भिकारी आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो. अंगावर फाटका, ढगळ कोट, ठिगळांची विजार, पायांत सालीची पायताणे, झोळी आणि हातात काठी, एवढे आपल्याला दिसते. यातून निदान तीन कथा निघतात. तो दारोदार मागत फिरणारा मुलगा असू शकतो, गुरे राखणारा असू शकतो, किंवा लांबच्या गावाहून शाळेत नाव घालण्यासाठी चालत आलेला असू शकतो. झोळी आणि काठी तिन्ही कथांत बसतात. तिसऱ्या कथेच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा शीर्षकाचा आहे, कारण चित्रकाराने मुलाचे नाव किंवा धंदा न सांगता केवळ त्याची जागा सांगितली आहे. मागणारा मुलगा दाराशी उभा राहतो तेव्हा दार महत्त्वाचे नसते, घर महत्त्वाचे असते. येथे तो चौकटीशी थबकला आहे आणि आतला धडा पाहतो आहे. म्हणून ‘दूरवरून आलेला गरीब मुलगा’ हे वाचन आम्ही अधिक योग्य मानतो. मात्र ‘भिकारी’ म्हणणाऱ्याला चूक ठरवण्याइतका पुरावा चित्र देत नाही, आणि ते बहुधा हेतुपुरस्सर देत नसावे.

८. त्याचा चेहरा का दाखवलेला नाही? चेहऱ्याशिवाय भावना कशी कळणार?

पाठमोऱ्या आकृतीचा चेहरा पाहणाऱ्याला स्वतः भरावा लागतो, हे एक कारण. कोणी तिथे आशा भरतो, कोणी भीती, कोणी लाज. दुसरे कारण प्रश्न ३ मध्ये आलेल्या जागेशी जोडलेले आहे : मुलगा आपल्याकडे वळला असता तर चित्राचा विषय तो झाला असता आणि आपण त्याच्याकडे दयेने पाहिले असते. तो पाठमोरा असल्याने आपण त्याच्याबरोबर आत पाहतो. दयेची जागा उत्सुकता घेते. आतला वर्ग उजळ आहे आणि मुलगा अलीकडच्या सावलीत आहे, त्यामुळे नजर आपोआप त्याच्यावरून सरकून उजेडाकडे जाते.

तुलनेसाठी अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांचे १९६४ मधील एक प्रसिद्ध चित्र घेता येईल. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या रुबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीवर ते आधारलेले आहे. तिच्या पुढे-मागे चालणाऱ्या सरकारी संरक्षकांची डोकी चित्राच्या कडेने खांद्यापाशी कापली गेली आहेत, चेहरा फक्त मुलीला आहे. म्हणजे चेहरा झाकणे किंवा दाखवणे हा दोन्हीकडे मुद्दाम घेतलेला निर्णय आहे. तेथे शाळेचे दार चित्रात नाही, पण त्या दारापर्यंत पोहोचणे किती अवघड आहे हे मागच्या भिंतीवर लिहिलेली शिवी आणि फुटलेल्या टोमॅटोचा डाग सांगतात. बोगदानोव-बेल्स्की यांच्या चित्रात असा बाहेरचा अडथळा कोणताही नाही.

९. मग अडथळा कोणता आहे? त्याला आत येऊ दिले नाही, असेच मला वाटले.

चित्रात दार उघडे आहे आणि त्याला कोणी अडवलेले नाही. ‘प्रवेश नाकारला’ हे वाचन दिसणाऱ्या पुराव्यावर टिकत नाही. अडथळा आहे तो त्याच्या थबकण्यात, अंगावरच्या कपड्यांत आणि आतील व्यवस्थित बसलेल्या मुलांत.

असे असूनही मराठी वाचकांना ‘नाकारले’ हेच प्रथम का सुचते, याचा विचार करणे आवश्यक आहे. आपल्याकडे शाळेचे दार हा जातीच्या इतिहासाचा भाग आहे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांना इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, ही गोष्ट आपल्या मनात इतकी रुजलेली आहे की वर्गाबाहेर उभा असलेला कोणताही मुलगा दिसला की ती आठवतेच. हे वाचन निरर्थक मुळीच नाही. एका सत्तरीकडील शिक्षिकेने वर्गात मांडलेला मुद्दा आम्हाला फार नेमका वाटला : दार उघडे असतानाही मूल आत जात नाही, याला कारण त्याच्या मनात आधीच घातलेली मर्यादा असते. फक्त लिहिताना दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. एक, स्मोलेन्स्क प्रांतातील चित्रात काय आहे. दोन, ते पाहताना मला, येथे, काय आठवले. ही दोन्ही वाक्ये एकत्र केली की पहिले खोटे ठरते आणि दुसऱ्याचे वजन जाते.

१०. दारातला मुलगा म्हणजे खुद्द चित्रकारच ना? मग वेगळा अर्थ शोधायचा कशाला?

चित्रकाराचे बालपण (प्रश्न २) पाहता आत्मचरित्राचा धागा नाकारता येत नाही, आणि आम्ही तो नाकारतही नाही. पण ‘तो मुलगा म्हणजे मीच’ एवढ्यावर थांबलो तर चित्राचा शेवट आधीच ठरून जातो : मुलगा आत गेला, शिकला, नामवंत चित्रकार झाला. चित्रातल्या मुलाला हे ठाऊक नाही. त्याचे थबकणे खरे वाटते ते पुढचे काहीच निश्चित नसल्यामुळे. चरित्र वाचून चित्रात सुखान्त घुसवणे ही आस्वादकांची नेहमीची घाई आहे. शिवाय ज्या वर्षी हे चित्र झाले त्या वर्षीच्या जनगणनेचे आकडे प्रश्न ६ मध्ये दिले आहेत. पाचांतील चार माणसे निरक्षर असलेल्या देशात दारापर्यंत आलेल्या आणि आत न गेलेल्या मुलांची संख्या थोडी नसणार. चरित्राचा उपयोग एवढाच करावा की हे तपशील ऐकीव नव्हते, चित्रकार त्या पायताणांतून चाललेला होता.

११. गरिबी इतकी देखणी रंगवणे योग्य आहे का?

या आक्षेपात तथ्य आहे. ठिगळांवरचा ऊबदार उजेड, सुबक रचना, मऊ रंग यांमुळे दारिद्र्य सुसह्य, कधी गोडही वाटू लागते. बोगदानोव-बेल्स्की यांच्या नंतरच्या काही बालचित्रांत, विशेषतः उन्हात खेळणाऱ्या टवटवीत खेडूत मुलांच्या चित्रांत, हा गोडवा जरा जास्तच होतो असे आमचे स्पष्ट मत आहे. ही दोन चित्रे मात्र त्यातून सुटतात. एकाला फळ्यावरच्या कठीण गणिताचा आधार आहे आणि दुसऱ्यात गोंडस चेहराच नाही.

१२. रशियनच पण सोव्हिएत काळातले ‘पुन्हा नापास’ हे चित्र याच पद्धतीने वाचता येईल का?

फ्योदोर रेशेत्निकोव यांचे हे १९५२ मधील चित्र याच पद्धतीने वाचता येते, पण त्यात एक जादा कडी आहे. पाचांपैकी दोन गुण घेऊन, म्हणजे अनुत्तीर्ण होऊन, मुलगा घरी आला आहे. दप्तरातून बर्फावर घसरण्याचे स्केट डोकावतात, म्हणजे वेळ कुठे गेला ते कळते. आई खिन्न आहे, बहिणीच्या नजरेत दोष आहे, धाकटा भाऊ सायकलवर बसून मजा पाहतो आहे आणि एकटा कुत्रा मनापासून आनंदला आहे. यावेळी आपल्याला घराच्या आत उभे केले आहे, त्यामुळे नकळत आपणही घरच्यांच्या बाजूचे होतो.

जादा कडी भिंतीवर आहे. तेथे रेशेत्निकोव यांनी आपल्याच १९४८ मधील ‘सुटीवर आला’ या चित्राची प्रत टांगली आहे. त्यात लष्करी शाळेतला शिस्तबद्ध मुलगा आजोबांना सलाम ठोकतो आहे. नापास मुलाच्या घरात आदर्श मुलाचे चित्र! पुढे १९५४ मध्ये त्यांनी फेरपरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचे चित्र काढले आणि त्याच्या भिंतीवर ‘पुन्हा नापास’ टांगले. चित्रातल्या चित्राचा अर्थ लावताना ते घरातल्यांनी का लावले असेल आणि चित्रकाराने का लावले असेल, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. घरच्यांसाठी ती तेव्हा घरोघरी असणाऱ्या छापील चित्रांसारखी एक प्रत आहे. चित्रकारासाठी तो उपदेश आहे, आणि आमच्या मते थोडीशी स्वतःचीच थट्टाही.

१३. त्या चित्रात वडील नाहीत. ते युद्धात गेले असा अर्थ लावला तर तो बरोबर का?

शक्य आहे, सिद्ध नाही. युद्ध संपून तेव्हा सातच वर्षे झाली होती आणि वडील नसलेली घरे सोव्हिएत देशात असंख्य होती, म्हणून हा तर्क काळाशी सुसंगत आहे. परंतु वडील कामावरही असू शकतात. अशा वेळी आमची कसोटी पुढीलप्रमाणे असते. नसलेल्या माणसाची रिकामी जागा चित्रात दाखवली आहे का? रिकामी खुर्ची, भिंतीवरची तसबीर, टांगलेला लष्करी कोट यांपैकी काही ठळकपणे असते तर अनुपस्थिती हा चित्राचा विषय ठरला असता. तशी खूण नसेल तर तर्क ‘कदाचित’ या शब्दासह लिहावा. प्रश्न ६ मधील मुलींची अनुपस्थिती आणि ही अनुपस्थिती यांत फरक आहे : तेथे काळच नकार देतो, येथे काळ परवानगी देतो पण चित्र पुष्टी देत नाही.

१४. या सगळ्याचा गोव्याशी काय संबंध? आपल्याकडे बर्फ नाही आणि झारही नव्हता.

ओढूनताणून संबंध जोडू नये हे मान्य. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात मराठी शिकायचे तर ते बहुधा सरकारी छत्राबाहेर, शेणवीमामांच्या (गावातल्या खासगी मास्तरांच्या) शाळेत, देवळाच्या आवारात किंवा कोणाच्या पडवीत, गावकऱ्यांच्या वर्गणीवर. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या आणि ज्या घरांत अक्षर पोहोचले नव्हते त्या घरांतली मुले पहिल्यांदा दाराशी आली. त्या पिढीतील आजी-आजोबांना ‘शाळेच्या दाराशी’ दाखवले की ते चित्राबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोलू लागतात : कोणी नेऊन सोडले, पहिल्या दिवशी अंगात काय होते, पाटी कोणाची होती. प्रश्न ९ मधील दोन वाक्यांचा नियम येथेही लागू होतो. तरी अशा आठवणी लिहून घ्याव्यात असे आम्ही शिक्षकांना सुचवतो, कारण त्यांची कागदोपत्री नोंद क्वचितच सापडते. आज पटसंख्या घटल्यामुळे त्यांतल्याच अनेक सरकारी मराठी शाळा बंद पडल्या किंवा पडण्याच्या बेतात आहेत, ही बाब ओघाने निघतेच. ती चर्चा महत्त्वाची असली तरी या चित्राच्या आधारे करू नये, कारण चित्रातला वर्ग भरलेला आहे.

१५. प्राथमिकच्या मुलांना ही चित्रे दाखवताना काय विचारावे?

‘या चित्रातून काय बोध मिळतो?’ हे विचारू नये. बोध विचारला की मुले सुविचार सांगतात आणि चित्राकडे पाहणे थांबवतात. ‘तोंडी हिशेब’साठी आधी गणित घालावे, कोणाला दोन्ही बाजूंची ३६५ दिसते ते पाहावे, आणि मग ‘तुझ्यासारखा विचार करणारा मुलगा चित्रात कोणता?’ असे विचारावे. ‘शाळेच्या दाराशी’साठी एका मुलाला खरोखर वर्गाच्या दारात पाठमोरे उभे करावे, त्याने आत काय काय दिसते ते सांगावे आणि बाकीच्यांनी बाहेर व्हरांड्यात त्याच्या मागे थांबून ऐकावे. प्रश्न ३ मधला मुद्दा न समजावता समजतो. झोळीत काय असेल हा प्रश्न मुलांना फार आवडतो आणि त्याला बरोबर उत्तर नाही, हे त्यांना आधीच सांगून टाकावे.

१६. मोबाइलवर पाहिले तर चालेल का? गोव्यात अशा शैलीचे मूळ चित्र कुठे पाहता येईल?

मोबाइलवर रचना कळते, आकार आणि रंग कळत नाहीत. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या प्रतींत सावल्या कधी तपकिरी, कधी काळ्या दिसतात, म्हणून रंगांवर आधारलेले कोणतेही ठाम विधान एका प्रतीवरून करू नये. शक्य असेल तर प्रोजेक्टरवर मोठे करून पाहावे.

मूळ वास्तववादी तैलचित्र पाहायचे तर पणजीत फोंतेन्हास भागातील फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांचा संग्रह आहे. त्रिंदाद मूळचे सांगेचे, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले आणि पुढे तेथेच शिकवत. त्यांची ख्याती प्रामुख्याने व्यक्तिचित्रांसाठी असल्याने कथन तेथे कमी मिळेल, पण कापडावर, कातडीवर उजेड कसा रंगवतात हे हातभर अंतरावरून पाहता येईल. कथनासाठी मूळचे गोव्याचेच दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची जुन्या दिवाळी अंकांतील चित्रे पाहावीत. ती छापील असली तरी एका प्रसंगात गोष्ट कशी बसवतात याचा उत्तम धडा त्यांत आहे.

१७. या चित्रांच्या मोठ्या प्रती छापून शाळेच्या भिंतीवर लावता येतील का?

भारतीय कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. बोगदानोव-बेल्स्की यांचे निधन १९४५ मध्ये झाल्यामुळे त्यांच्या दोन्ही चित्रांच्या बाबतीत ती मुदत २००५ अखेर संपली आहे आणि ती छापण्यास अडचण नाही. रेशेत्निकोव यांचे निधन १९८८ मध्ये झाले, तेव्हा ‘पुन्हा नापास’च्या बाबतीत मुदत अजून चालू आहे. ते वर्गात शिकवण्याच्या ओघात दाखवणे वेगळे आणि छापून कायमचे टांगणे किंवा स्मरणिकेत घालणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी परवानगी घ्यावी. प्रती छापताना चित्राच्या कडा कापू नयेत. ‘शाळेच्या दाराशी’ उभ्या आकाराचे आहे आणि आडव्या चौकटीत बसवण्यासाठी छापखान्यात ते हमखास खालून छाटले जाते, त्यात नेमकी पायताणे जातात.